४२९४९६७२९७ आणि ६४१

कोणीतरी विचारलंय की ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, ही मूळ संख्या आहे का. नाही. मात्र फसलात तर वाईट वाटून घेऊ नका, साक्षात फर्मा हा थोर फ्रेंच गणितज्ञ इथे फसला होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चा १, २, ४, ८, १६वा घात अधिक १) या पाचही मूळ, मग त्याच साच्यातली पुढचीही असणारच, असा त्याचा अंदाज. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तो खोडला: ही संख्या ६४१ × ६७००४१७ आहे.

६४१ सापडला कसा? या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते!

भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १ (२^७ म्हणजे २ चा ७वा घात), आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला १ कमी पडतो). चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ टाका. उरलं −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला पूर्ण भाग जातो. मला तरी हे जादूपेक्षा कमी वाटत नाही.

जाता जाता: फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांचा (३ ते ६५५३७) गुणाकार करून बघा. ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा फक्त २ ने कमी. तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने (कागदावर नाही, निदान तत्त्वतः) काढता येतो. आपल्या संख्येइतक्या बाजूंचा मात्र नाही.