‘ळ’ आला की तुमच्याकडे काय करतात?

मे महिन्यात रात्रीच्या गाडीने गावाला निघाले होते. पनवेल सुटल्यावर समोरच्या बाकावरच्या दोन कुटुंबांनी शब्दांच्या भेंड्या सुरू केल्या. एका मुलाने ‘जांभूळ’ टाकला आणि खेळ तिथेच अडला. त्याचे काका म्हणाले ळ आला की ल घ्यायचा. पलीकडच्या बाई म्हणाल्या छे, ळ बाद, मागचं अक्षर घ्या, ‘भू’. आजोबांच्या मते ळ टाकणाऱ्यावरच भेंडी चढते. दिवे मालवले तरी वाद चालूच. मध्यरात्रीनंतर चिपळूण आलं तेव्हा वरच्या बर्थवरून कोणीतरी झोपेतच ‘चिपळूण’ म्हणालं आणि भांडण ळ सोडून ण वर गेलं.

ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, हे शाळेत सगळ्यांना कळतं. त्यावर तोडगा मात्र घरोघरी निराळा. तुमच्या घरचा कायदा काय? सांगा. भेंड्या, कोडी, नाव-गाव-फळ-फूल, काहीही चालेल. विषयाला धरून राहायची सक्ती नाही, गप्पाच मारायच्या आहेत.

अकोला

आमच्या आजीपुढे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. ती डाळीला ‘डाय’ म्हणायची, शाळेला ‘शाया’ आणि डोळ्याला ‘डोया’. त्यामुळे ळ वाला शब्द आला की ती बिनदिक्कत य देऊन मोकळी. पुण्याची आत्तेबहीण सुट्टीला आली की रडकुंडीला यायची. “आजी, डाळ मध्ये य कुठाय?” आजी म्हणायची, “काहून वं, म्या डाय म्हनलं, तुले काय आयकू आलं?”

बरं, य वर शब्द तरी किती आठवणार? यज्ञ, यात्रा, यमुना, युद्ध, संपलं. आजीला ते पक्कं ठाऊक होतं. तिची अर्धी हुशारी त्यातच होती, असं मला आता वाटतं.

उरण

आमच्यात त्याहून सोपं. ळ नाहीच, ल. ‘डाल बोल ना, डाल!’ ण सुद्धा नाही, न. पाणी नाही, पानी. शाळेत बाईंनी हातावर पट्ट्या मारून ळ शिकवला, आणि घरी भेंड्यांत मी तो वापरला तर चुलते म्हणाले, आली मोठी शिकलेली.

इचलकरंजी

उरणकर, तुमचा ण सुटला, आमचा नाही सुटला. थोडं लांबण लावतो.

2006 की 2007 चा उन्हाळा. लोडशेडिंगचे दिवस, संध्याकाळी तासन्‌तास वीज नसायची. आख्खी गल्ली कट्ट्यावर. एरवी आमच्याकडेही ण ला न चालायचा, पण आम्ही पोरांनी त्याचा धंदाच मांडला होता. लसूण, अंगण, दळण, पैंजण, कुंपण, एकामागून एक ण. वडील कातावले आणि त्यांनी जाहीर केलं, आजपासून सवलत बंद, ण ला ण च पाहिजे. मग त्यांच्यावरच ण आला. बाण, नाही, तो शेवटी. आम्ही मोजायला लागलो. एक, दोन, तीन...

शेजारच्या आक्का कडेला बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. भेंड्यांत त्या कधी पडायच्या नाहीत. आमचे आकडे सातावर आले तेव्हा पुठ्ठा थांबला आणि अंधारातून आवाज आला, “णमो अरिहंताणं.”

सगळे गप्प. जैन घरातला रोजचा मंत्र, आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना पाठ, आणि एवढ्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वडील उडालेच. “शेवटी णं! म्हणजे ण परत पोरांवर!” थोरला भाऊ वकिली करायला लागला की अनुस्वार आहे, म्हणजे म येतो. आक्का शांतपणे म्हणाल्या, “म घे नाहीतर ण घे. माझ्याकडं अजून चार हाईत.” खरंच होत्या. सिद्धाणं, आयरियाणं, उवज्झायाणं, सव्वसाहूणं, प्रत्येक ओळ णमो ने सुरू आणि णं ने संपणारी. आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुद्दाम ण आणला आणि आशेने त्यांच्याकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, “काल चुकून निघालं तोंडातनं. मंत्र खेळायला नसतोय.” आणि पुठ्ठा चालू.

नाशिक

धागा भेंड्यांचा आणि अजून भेंडी कशी कोणी आणली नाही? ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली.’

मला मात्र भोंडल्याच्या खिरापतीचं सांगायचंय, कारण ते ओळखणं हाही खेळच. गाणी संपली की डबा पदराखाली धरून यजमानीण मध्ये बसणार आणि आम्ही विचारणार. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? डबा हलवून दाखवा! खडखडला तर शंकरपाळे नाहीतर चकली, नुसता धप्प आवाज आला तर वडी. माझी आई वस्ताद होती. ती डब्यात पदार्थाभोवती कापडी रुमाल कोंबायची, म्हणजे आवाजच नाही. एका वर्षी आम्ही पंचवीस-तीस पदार्थ सांगितले, सुरळीच्या वड्यांपासून अळूवड्यांपर्यंत. डब्यात निघाले साखरफुटाणे. रुमाल नसता तर पहिल्या हिसक्याला कळलं असतं. तेव्हा चिडले होते, आता माझ्या डब्यातही रुमाल असतो.

ठाणे

आमच्या बाबांचा खेळ एकट्याचा, पण त्रास सगळ्या घराला. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. पेन्सिल टोकदार हवी, खोडरबर चालणार नाही, आणि आधी कोणी अंक हातात घेतला तर दिवसभर अबोला.

मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसह आख्खं अक्षर बसतं. त्यामुळे आडव्या आणि उभ्या शब्दाची वेलांटीही जुळावी लागते, आणि तिथेच आमच्या घरची रविवारची भांडणं. आडवा शब्द ‘कवी’, त्याच्या दुसऱ्या चौकोनातून खाली जाणारा ‘विहीर’. आता त्या चौकोनात वि की वी? 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी एकटा कवी दीर्घ केला, कवितेतला मात्र ऱ्हस्वच ठेवला. बाबा जुन्या वळणाचे, ‘कवि’ लिहूनच शिकलेले. ते विजयी चेहऱ्याने चौकोनात वि भरायचे.

मी एकदा नियमाचं पुस्तक पुढे केलं. बाबांनी ते बघितलंच नाही. कोड्याच्या कडेला लिहिलं, ‘तो कवि डालडा विकतो’. म्हणाले, उलटं वाच. वाचलं. “आता तुझा दीर्घ घालून वाच. जाताना वी, येताना वि. बसतं का?” सरकारी नियमाला डालड्याने हरवलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

ते गेल्यावर कपाटात कापलेल्या कोड्यांचा गठ्ठा निघाला. एकही अर्धवट नव्हतं. एकात मात्र चार चौकोनांत त्यांनी स्वतःच्या मनाने भलतेच शब्द भरले होते, ज्यांना अर्थच नाही. रिकामं सोडणं जमलं नसणार.

बंगळुरू

एका चौकोनात आख्खं अक्षर, हे कॉम्प्युटरला सांगून बघा! ऑफिसातल्या मराठी मंडळींसाठी छोटा शब्दखेळ बनवत होतो. ‘स्त्री’ आपल्या हिशोबाने एक अक्षर. यंत्राच्या हिशोबाने सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. तीन चौकोनांच्या ओळीत पहिल्याच दिवशी नुसता ‘स्त’ दिसायला लागला. दोन रात्री गेल्या.

ळ बद्दल: इथल्या कन्नड मित्रांना ळ आपल्यापेक्षा खणखणीत येतो. भेंड्यांत मात्र त्यांचंही तिथेच अडतं.

न्यू जर्सी

आमच्याकडे रविवारी सकाळी साडेदहा, पुण्यात सासूबाईंकडे रात्रीचे आठ. व्हिडिओवर भेंड्या जमत नाहीत. आवाज मागून पोचतो, तोवर इकडे दहा आकडे मोजून झालेले असतात. म्हणून शब्द लिहून कॅमेऱ्यापुढे धरायचे असं ठरलं. सहा वर्षांच्या मुलाचं मराठी बेतास बात. सासूबाईंनी ‘कमळ’ धरलं. त्याने बराच वेळ पेन चावलं आणि कागदावर एकच अक्षर काढून दाखवलं: ळ. “आजी, ‘ळ’ वरून ‘ळ’!”

सासूबाई चाळीस वर्षं मराठीच्या शिक्षिका. मला वाटलं आता व्याकरण निघणार. त्यांनी चष्मा सारखा केला, म्हणाल्या, “अक्षराचं नाव आहे, चालेल,” आणि मग लक्षात आलं की ळ परत त्यांच्यावरच आलाय.

धागा काढणारी

वाचतेय सगळं, हसतेय. इचलकरंजीच्या आक्कांना नमस्कार सांगा. एवढे कायदे जमलेत तर खेळूनच बघू. पहिला शब्द माझा: बाभूळ.

अकोला

य. यात्रा.

उरण

थांबा थांबा, य कसला? ल. लसूण.

नाशिक

दोन्ही धरायचे का? आणि आता ‘ण’ कोण घेणार? अहो इचलकरंजी, आहात का?

इचलकरंजी

आहे. पण त्यांनी सांगितलंय, मंत्र खेळायला नसतोय. मोजा तुम्ही.