पोर्ट हार्कोर्टची गारी खाल्ली तर चालेल का?

डिचोलकरीण:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ नायजेरियात पोर्ट हार्कोर्टला असतो, तेलाच्याच कामावर. तिथे सगळे गारी खातात, म्हणजे कसावा नावाचा कंद किसून आंबवून भाजलेला रवा, गरम पाण्यात घोटून गोळा करायचा आणि रश्श्यासोबत खायचा. त्याला ती आता रोज लागते. पण परवा फोनवर सहज बोलून गेला की कसावा ज्या गावातून येतो तिथे शेतातूनच पाइपलाइन गेलीय आणि मागे ती फुटून तेल पसरलं होतं. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. एवढं आंबवून भाजल्यावर शिसं, कॅडमियम वगैरे निघून जातं का?

जहाजी_बाब:
ताई, मी त्या बाजूला काम केलंय. कसावा सोलून किसतात, पोत्यात भरून वर वजन ठेवतात, पाणी निथळत दोन-तीन दिवस आंबतो, मग मोठ्या कढईत भाजतात. हे सगळं कसाव्यात मुळातच असलेलं सायनाइडचं विष घालवायला, आणि ते बरंच जातंही. शिसं मात्र जळत नाही की उडून जात नाही. साल काढली की वरची माती जाते तेवढंच. गारी कुठल्या गावची ते विकणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं, भावाला विचारून घ्यायला सांगा.

माती_आणि_मूळ:
कच्च्या तेलात निकेल, व्हॅनेडियम असतंच, ड्रिलिंगच्या चिखलात बॅराइट नावाचं खनिज घालतात त्यातून बेरियम येतं, कधी शिसं-कॅडमियमही. त्यात नायजर डेल्टाची, म्हणजे पोर्ट हार्कोर्टच्याच भागातली माती आम्लधर्मी, अशा मातीत धातू सुटे होतात आणि मुळं ते ओढून घेतात. शिसं बहुतेक मुळातच अडकतं, आणि कसाव्याचं आपण खातो ते मूळच! कॅडमियम किडनीत साठतं, निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं जातात. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा कंदमुळांत दोन्हींसाठी किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये तिथल्याच ओगोनीलँड भागातल्या तेल-प्रदूषणाचा अहवाल दिला, पूर्ण सुधारायला २५-३० वर्षं लागतील म्हणून.

डिचोलकरीण:
बापरे. म्हणजे बंदच कर सांगू?

माती_आणि_मूळ:
बंद नको, पण रोज एकाच शेतातलं नको. मध्ये भात, दुसऱ्या भागातला माल असं आलटून पालटून खाऊ दे. त्याला निवड तरी आहे, त्या गावातली पोरं जन्मापासून तेच खातात, मला खरी काळजी त्यांची वाटते.

सत्तरीचा_शेतकरी:
आमच्याकडे गोव्यात तेल नाही पण खाणीचा गाळ पावसात वाहून शेतात बसलाय, लाल चिखल वाळला की पापडी धरते आणि भाताची रोपं पिवळी पडतात. सॉइल हेल्थ कार्ड काढलं तर लोह, मँगनीज, जस्त, तांबं सगळं येतं, शिसं-कॅडमियमचा रकानाच नाही. मग तपासायचं कुठे?

माती_आणि_मूळ:
दादा, जड धातूंची टेस्ट वेगळी सांगून करून घ्यावी लागते. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेत आधी चौकशी करा. नमुना गंजक्या फावड्याने काढू नका, लाकडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी वापरा, आणि नुसती माती देऊ नका, त्याच कोपऱ्यातले भाताचे दाणेही द्या. पोटात दाणाच जातो.