करडई की खोबरेल? उंदरांच्या लेंड्यांचा घोळ

एमफार्म_दुसरं_वर्ष:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. विस्टर (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या) उंदरांचे दोन गट, चार आठवडे. एकाच्या खाद्यात करडईचं तेल, दुसऱ्याच्या खोबरेल. कोलेस्टेरॉल दोघांनाही सारखंच घातलेलं. शेवटचे तीन दिवस लेंड्या गोळा केल्या, वाळवून खलात कुटल्या (मास्क असूनही तो वास अजून नाकात आहे), अल्कोहोलिक पोटॅशमध्ये (अल्कोहोलमधल्या अल्कलीत) उकळून पेट्रोलियम ईथरने अर्क काढला, मग लीबरमन-बुर्खार्ड, म्हणजे हिरव्या रंगावरून कोलेस्टेरॉल मोजायची चाचणी. करडईच्या नळ्या गर्द हिरव्या, खोबरेलाच्या फिकट. गाईड म्हणतात, "लिहून टाक, असंतृप्त तेलाने कोलेस्टेरॉल बाहेर पडतं." लिहू का?

जुना_पिंजरेवाला:
थांबा. तो हिरवा रंग कोलेस्टेरॉलचाच कशावरून? करडईच्या तेलात सिटोस्टेरॉल वगैरे वनस्पतींची स्टेरॉलं (कोलेस्टेरॉलची भावंडंच) खोबरेलापेक्षा कितीतरी जास्त. आतडं त्यांना जवळपास आत घेतच नाही, खाल्ली ती लेंडीतून बाहेर. लीबरमन-बुर्खार्डला मात्र ती नि कोलेस्टेरॉल एकच. उलट आतड्यातल्या जिवाणूंनी कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल केलं, की रंग येतच नाही. म्हणजे परका माल मोजलात आणि घरचा सुटला! जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी, घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) घाला, तिथे सिटोस्टेरॉलचा पीक (आलेखातलं टोक) कोलेस्टेरॉलनंतर वेगळा येतो.

आणि वेगळं मोजूनही कोलेस्टेरॉल जास्तच निघालं, तरी श्रेय तेलातल्या असंतृप्त लिनोलेइक आम्लाला लगेच देऊ नका. ही स्टेरॉलं कोलेस्टेरॉलचं शोषणही अडवतात. खोबरेलात तेवढंच सिटोस्टेरॉल मिसळून तिसरा गट हवा होता.

पित्तप्रकृती:
ईथरने अर्क काढल्यावर उरलेला पाण्याचा थर कुठाय? विस्टरला पित्ताशय नसतं, पण जादा कोलेस्टेरॉलची पित्ताम्लं करून टाकण्यात त्याचं यकृत पटाईत. ती अल्कलीत, पाण्याच्या थरात राहतात. 1913 मध्ये रशियन संशोधक अनिच्कोव्हने सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना चारलं, तर त्यांच्या धमन्या बिघडल्या. उंदीर असल्या खाद्याला सहसा दाद देत नाही, त्याचं एक कारण यकृताची हीच हातोटी. तेव्हा दोन्ही थर मोजल्याशिवाय 'बाहेर पडतं' म्हणायचं नाही.

एमफार्म_दुसरं_वर्ष:
पाण्याचा थर सिंकमध्ये ओतला. 🙈

जुना_पिंजरेवाला:
पिंजऱ्याला तळाशी जाळी होती ना? नसेल तर उंदीर लेंड्या पुन्हा खातात, मग सगळंच पाण्यात. आणि आकडा ग्रॅममागे की दर उंदरामागे, दिवसाला? एका गटाला लेंड्याच कमी झाल्या असतील, तर ग्रॅममागचा आकडा उगाच फुगतो.

एमफार्म_दुसरं_वर्ष:
जाळी होती. आकडा ग्रॅममागे काढलाय, पण रोजचं वजन वहीत आहे. अर्धी पूड डीप फ्रीजरमध्ये शिल्लक आहे, सोमवारी जीसीची वेळ मागते. गाईडना मात्र तुमच्यापैकी कुणीतरी सांगा.