मदत हवी आहे: लेवीयमधले शुद्धीकरणाचे दिवस आपल्याला लागू आहेत का? (तातडीचं)

ओंबी (गुरुवार, रात्री १०:४०)
बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातला शुद्धीकरणाचा नियम आज ख्रिस्ती माणसाने पाळायचा की नाही, एवढंच सांगा. हो किंवा नाही. सोबत वचन द्या, म्हणजे घरी दाखवता येईल. "प्रार्थना करा, मार्ग मिळेल" असलं नको, ती चालूच आहे. रविवारच्या आत पाहिजे.

जुनाकरार
कुठला नियम? ११ ते १५ असे सलग पाच अध्याय हेच चाललंय. जनावरं, बाळंतपण, कातडीचा रोग, घराच्या भिंतीवरचा चट्टा, शरीराचे स्राव. अध्याय सांगा.

नगरकर_७
नाही. प्रेषितांची कृत्ये १०. पेत्राला दर्शनात चादर उतरताना दिसली, 'मारून खा' असा आवाज आला, विषय संपला.

जुनाकरार
चादरीत जनावरं होती, नगरकर. आणि पेत्राने त्याचा अर्थ लावला तो माणसांबद्दल, कोणालाही अशुद्ध म्हणू नये असा, २८वं वचन बघा. प्रश्न कळायच्या आधीच उत्तर कसलं देताय?

चहाबाज
गोंदण्याबद्दल विचारताय ना? लेवीय १९:२८. आमच्या चिरंजीवांनी मनगटावर क्रूस गोंदवून घेतला तेव्हा त्याच्या आजीने हेच वचन काढून दोन दिवस अबोला धरला होता. मी तिला वचनाची सुरुवात वाचून दाखवली: मेलेल्यासाठी अंगावर वार करून घेऊ नका. तिथे सुतकातल्या चालीरीतींचं बोलणं चाललंय. आता तीच शेजारणींना मनगट दाखवते.

ओंबी
गोंदणं नाही हो. अध्याय १२, बाळंतिणीचा. मला वाटलं शुद्धीकरण म्हटल्यावर कळेल.

जुनाकरार
मग अर्धा प्रश्न अजून तुमच्याकडेच आहे. मुलगा की मुलगी? मुलगा झाला तर ७ आणि ३३, एकूण ४० दिवस. मुलगी झाली तर १४ आणि ६६, एकूण ८०. आणि कोण कोणाला काय पाळायला सांगतंय?

ओंबी
मुलगी. वहिनीची. रविवारी २६ दिवसांची होईल. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी आहे आणि वहिनीला यायचंय. आई म्हणते, सव्वा महिना तर अख्खं गाव पाळतं, आपण शास्त्राप्रमाणे चालणारी माणसं, मुलीचे ऐंशी म्हणजे ऐंशी. पाळकसाहेबांना फोन केला, ते म्हणाले घरचा विषय आहे, घरातच मिटवा. दादा नेहमीप्रमाणे गप्प.
काल वहिनी शेपूची भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "मुलगा झाला असता तर चाळीसच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे आले.

तापमापक
२६ दिवसांच्या बाळाला गर्दीत नेऊ नये. दीड महिन्याची लस झाल्याशिवाय तर नाहीच. बाळंतिणीलाही विश्रांती लागते. आईंचा हेतू चांगला आहे.

ओंबी
बाळ माझ्याजवळ राहणार आहे. प्रश्न तो नाहीये.

संडेस्कूलवाली
ओंबी, आईंना वचनंच दाखवायची असतील तर आधी तोच अध्याय त्यांच्यासोबत सावकाश वाचा. जेमतेम आठ वचनं आहेत.
पहिलं म्हणजे, तिथे कुठेही बाळंतपणाला पाप म्हटलेलं नाही. चौथ्या अध्यायात चुकून पाप केलेला माणूस बली आणतो, तेव्हा शेवटी येतं की "त्याची क्षमा होईल". बाराव्यात शेवटी येतं की "ती शुद्ध होईल". क्षमा हा शब्दच नाही. "पापबली" वाचून आपण दचकतो, पण इथे तो दर्शनमंडपात, म्हणजे देवाच्या पवित्र तंबूत, पाऊल टाकण्याआधीच्या शुद्धीसाठी आहे. रक्त म्हणजे जीव (१७:११), म्हणून रक्तस्राव झाल्यावर पवित्रस्थानापासून काही दिवस लांब. पंधराव्या अध्यायात पुरुषांनाही तसंच आहे, फक्त ते कोणी वाचत नाही.
दुसरं, वहिनीच्या प्रश्नासाठी. दिवस दुप्पट का, हे मजकुरात दिलेलंच नाही. कोणी म्हणतं मुलाची आठव्या दिवशी सुंता असते म्हणून त्याचे कमी केले. कोणी म्हणतं नवजात मुलींनाही कधीकधी थोडा रक्तस्राव होतो म्हणून दोघींचे मिळून. हे सगळे अंदाज. पण सहावं वचन बघा: "मुलगा असो की मुलगी", बली एकच. एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी. मुलीसाठी अर्पण कमीही नाही, जास्तही नाही.

नगरकर_७
एवढं खोलात जायची गरजच नाही. नियमशास्त्राचे तीन भाग: नैतिक, विधींचे आणि न्यायनिवाड्याचे. थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने १३व्या शतकात मांडलंय, प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासाच्या कबुलीत १९व्या अध्यायात तेच आहे. नैतिक कायम, बाकीचे ख्रिस्तात पूर्ण झाले. १२वा अध्याय विधींचा. रद्द.

शंकेखोर
तीन डबे दिसायला छान, पण लेवीयवर झाकण बसत नाही. १९:१८ ला "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर". लगेच १९:१९ ला दोन प्रकारच्या सुताचं कापड अंगावर घालू नको. मोशेने तर मध्ये रेघ ओढलेली नाही. तुमच्या अंगातला टेरिकॉटचा शर्ट कुठल्या डब्यात?

नगरकर_७
मग तुम्ही काय करता? सगळं पाळता की सगळं सोडता?

शंकेखोर
सगळं वाचतो. १९व्या अध्यायात शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा म्हटलंय. तो नियम कुठल्या डब्यात टाकायचा हे तुमच्या अक्वायनसला विचारा, मी तोवर परक्याला जेवायला बोलावतो.

रेवदंडेकर
अवांतर होईल, पण लेवीय पाळणारी माणसं बघायला आपल्याला लांब जायला नको. आमच्या अलिबाग-रेवदंडा भागात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, 'देव एकच' ही शमाची प्रार्थना आणि खवल्यांचाच मासा, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. त्यांच्यात सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा माणूस आला तेव्हा त्याने बायकांपुढे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले-पर नसलेले बाजूला काढले. तेव्हा त्याची खात्री पटली की ही आपलीच माणसं. हा सरळ ११वा अध्याय. आमच्या आजीची शेजारीण कोळंबीला हात लावायची नाही. शिंगाळा तर नाहीच.

चहाबाज
आणि बोंबील?

ओंबी
मासे नकोत. कृपया.

जुनाकरार
ओंबी, तुम्हाला हवं असलेलं वचन: इब्री ९:१०. खाणं, पिणं आणि निरनिराळी क्षालनं हे देहाचे विधी सुधारणुकीच्या काळापर्यंतच, म्हणजे ख्रिस्त येईपर्यंतच, लावून दिलेले होते, असं स्पष्ट आहे. जोडीला कलस्सै २:१६-१७, हे सगळं येणाऱ्या गोष्टींची छाया होतं. आणि मार्क ५. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई. लेवीय १५:२५ प्रमाणे ती अशुद्ध, तिने शिवलं तर शिवलेलाही अशुद्ध. तिने गर्दीतून प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तर त्याने तिला "मुली" म्हणून हाक मारली.
शिवाय आईंचा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये धर्मप्रसाराला गेलेल्या कँटरबरीच्या ऑगस्टीनने पोप ग्रेगरीला नेमकं हेच विचारलं होतं, बाळंतीण किती दिवसांनी चर्चमध्ये येऊ शकते. बीड नावाच्या इंग्रज मठवाशाने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात ग्रेगरीचं उत्तर दिलंय. मुलाचे ३३ आणि मुलीचे ६६ दिवस त्याला तोंडपाठ होते. तरी त्याचं म्हणणं असं की ज्या घटकेला ती बाळंत झाली त्याच घटकेला उपकारस्तुतीसाठी आली तरी तिला पाप नाही. पुढे तो म्हणतो, तिला अडवलंत तर तिच्या वेदनांनाच तुम्ही गुन्हा ठरवता.

नगरकर_७
पोपचा दाखला आमच्या मंडळीत चालत नाही.

शंकेखोर
आणि अक्वायनस बहुतेक नगरचा होता.

संडेस्कूलवाली
भांडा तुम्ही. ओंबी, आणखी एक. ऐंशी दिवस पाळायचे तर ते संपल्यावर दर्शनमंडपाच्या दाराशी याजकाकडे कोकरू न्यायचं असतं. पुढे त्या मंडपाच्या जागी यरुशलेमेत मंदिर आलं, तेही इ.स. ७० मध्ये पडलं. नियमाचा पहिला अर्धा वहिनीने पाळायचा तर दुसरा अर्धा कोण पाळणार? आवाज न चढवता विचारा. शक्यतो चहाच्या वेळी. आणि लूक २:२२-२४ उघडून ठेवा, तिथे मरिया शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर बाळ येशूला घेऊन मंदिरात जाते.

ओंबी (शनिवार, रात्री ९:१५)
विचारलं. चहाच्या वेळीच. इब्रीचं वचन आईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "पौलाचं मला माहीत आहे." (इब्रीचा लेखक कोण, हा वाद मी काढला नाही.) मग लूक २ तिने स्वतःच मोठ्याने वाचायला घेतला. कबुतरांपाशी थांबली. मी म्हटलं, लेवीय १२:८ मध्ये आहे, कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे नाहीतर कबुतरं चालतात. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मरियेकडे कोकराचे पैसे नव्हते."
मला वाटलं झालं काम. तर लगेच, "पण दिवस तिनेही पाळलेच की."

जुनाकरार
पाळले, बरोबर आहे आईंचं. २ फेब्रुवारीचा सण त्याचाच, नाताळपासून चाळिसावा दिवस. ती नियमशास्त्राधीन होती आणि मंदिर उभं होतं. गलती ४:४-५ दाखवा: तिचा पुत्र आला तो नियमशास्त्राधीन असलेल्यांना सोडवायलाच.

ओंबी
उद्या. आज आणखी एक वचन काढलं तर बायबल माझ्या हातातून काढून घेईल.
साडेआठला उपासना आहे. वहिनीने निळी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलीय. आईने बघितली, काही बोलली नाही. आत्ता ती बाळाला मांडीवर घेऊन बसलीय आणि मला विचारतेय, बाटलीने दूध पाजता येतं का तुला.

चहाबाज
बोंबलाचं कोणीच सांगितलं नाही.