मांगरात अकरा वर्षे पडून असलेली सॅन स्टॉर्म : दोन लाखांत कोणते इंजिन बसवावे?

कुडाळचा_वाटसरू
नमस्कार. माझ्या मामांची २००० सालची सॅन स्टॉर्म गेली अकरा वर्षे आमच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, उभी आहे. दोन आसनांची, कापडी छताची आणि फायबरच्या बॉडीची ही गाडी मूळची ११४९ सीसीच्या रेनॉ इंजिनाची, म्हणजे जेमतेम ६० अश्वशक्तीची आहे. शेवटच्या फेरीत इंजिन तापून बंद पडले आणि त्यानंतर तिला कोणी किल्ली लावली नाही. छत उंदरांनी कुरतडले आहे आणि वायरिंगचीही तीच गत असावी. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळवताना मामा थकले होते, म्हणून दुसरे पेट्रोल इंजिन बसवावे असा विचार आहे. खर्चाची मर्यादा रंगकाम सोडून २ लाख रुपये आहे. रविवारी वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन सुखरूप परत येता यावे, एवढीच अपेक्षा आहे. कोणते इंजिन घ्यावे?

व्हीटेकप्रेमी
जुन्या होंडा सिटीचे १.५ व्हीटेक घ्यावे, दुसरा विचारच करू नये. १०६ अश्वशक्तीचे ते इंजिन इतक्या हलक्या गाडीत बसले तर काय होईल याची कल्पना करा. मी माझ्या जुन्या मारुती एस्टीममध्ये ते बसवले असून आज आठ वर्षांनंतरही घाटात मला सहसा कोणी ओलांडत नाही. मला साडेचार लाख रुपये खर्च आला. दोन लाखांत अशी कामे होत नाहीत, हे आपण आधीच मान्य केलेले बरे.

कोल्हापुरी_फिटर
वरच्या सदस्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. त्या काळातील होंडाचे इंजिन बहुतेक इतर इंजिनांच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे त्याचा गिअरबॉक्सही सोबत घ्यावाच लागतो, आणि मग फाउंडेशन (इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे आधार), एक्सल, गिअरची जोडणी, सायलेन्सर असे सगळेच नव्याने करावे लागते. साडेचार लाख तिथेच गेले असणार.

पण इंजिनाची चर्चा नंतर. फायबरला गंज लागत नाही, म्हणून या गाडीचे मालक वरवर पाहून निर्धास्त राहतात. खालचा सांगाडा मात्र लोखंडी आहे आणि त्याने कोकणातले अकरा पावसाळे काढले आहेत. गाडी उचलून, जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, जिथे सस्पेन्शन आणि फाउंडेशन सांगाड्याला जोडलेले आहे तिथे टोचून पाहा. टोक आत गेले तर आधी वेल्डिंग, मग इंजिन.

दुसरे म्हणजे, स्टार्टर मारून पाहण्याचा मोह टाळा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस तसेच राहू द्या आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडकले तर जोर लावू नका. मोकळे फिरले तर नवा टायमिंग बेल्ट घालून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासा आणि तेव्हाच काय बदलायचे ते ठरवा.

साठ_घोडे
मुळात साठ अश्वशक्तीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावे का, हा माझा प्रश्न आहे. दोन दारे आणि उघडे छत एवढ्यावर जर गाडी स्पोर्ट्स कार ठरत असेल, तर आमच्या गावच्या जीपलाही तो मान द्यावा लागेल.

गोदाकाठ
स्पोर्ट्स कारची व्याख्या वेगळ्या धाग्यावर व्हावी. माझ्या मते उत्तर रेनॉच्याच घरात आहे. महिंद्र-रेनॉ लोगान २००७ पासून आमच्या नाशिकमध्ये तयार होत असे आणि तिची १.४ आणि १.६ लिटरची पेट्रोल इंजिने साधी, सोशिक आणि कुठल्याही मेकॅनिकला समजणारी आहेत. पुढे याच गाडीच्या महिंद्र व्हेरिटो या अवतारातही १.४ चालू राहिले, त्यामुळे भाग मिळतात. मी स्वतः लोगान १ लाख ८० हजार किलोमीटर चालवली असून इंजिनाचे हेड (वरचे झाकण) एकदाही उघडावे लागले नाही. फक्त एक चूक करू नये : सुटे इंजिन स्वस्त मिळते म्हणून आणू नये. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (चोरीरोधक कुलूप) आणि किल्ली यांचा मेळ असतो, तेव्हा वायरिंग आणि किल्लीसकट उभी गाडीच घ्यावी, नाहीतर सगळे जोडून झाल्यावर गाडी चालू होणार नाही. आणि दोन्ही इंजिने रेनॉची आहेत म्हणून फाउंडेशन जसेच्या तसे जुळेल असेही गृहीत धरू नये.

हायवेवरचा_नाना
मीही लोगानच सुचवतो. इंजिन सुटे न घेता पूर्ण गाडी घ्या, म्हणजे ईसीयूचा प्रश्न राहत नाही.

गोदाकाठ
हे मी वरच लिहिले आहे.

पासिंगवाला
कोणीही कागदपत्रांविषयी बोलत नाही, याचे नवल वाटते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आपली नोंदणी २०१५ मध्येच संपली. आता तपासणी करून घेऊन ५ वर्षांचे नूतनीकरण, मामांकडून हस्तांतरण, आणि गाडी गोव्याच्या क्रमांकाची असेल तर तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र, इतके सगळे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. पण क्षमता आणि शक्ती दोन्ही बदलणार असतील, तर आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी मिळते का ते पाहा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून ढळता कामा नये असे स्पष्ट केले आहे. १०६ अश्वशक्तीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी अपघातानंतर विमा कंपनी काय विचारील, याचाही विचार करावा. ज्या गाडीचे इंजिन काढून घ्याल तिचे आरसी बुक आणि विक्रीची पावती जपून ठेवा, कारण इंजिन क्रमांक कुठून आला हे आपल्याला दाखवावे लागेल.

व्हीटेकप्रेमी
आठ वर्षांत मला कोणीही अडवलेले नाही.

पासिंगवाला
त्याचा अर्थ आपल्याला अजून अपघात झालेला नाही, इतकाच होतो.

दुधाने_पोळलेला
इंजिन कोणतेही घ्या, पण गॅरेज जपून निवडा. माझी जुनी कॉन्टेसा एका गॅरेजमध्ये इंजिनबदलासाठी चौदा महिने पडून होती. दर महिन्याला ‘एक्सल लेथवर दिला आहे’ हेच उत्तर मिळत असे आणि शेवटी लेथवाल्याकडे गेलो, तर त्याला एक्सल मिळालाच नव्हता. आगाऊ रक्कम पूर्ण देऊ नका. इंजिन आत बसले की एक हप्ता, गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर आली की दुसरा, असे ठरवा. जुनी वायरिंग काढण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा आणि फोटो काढा.

कुडाळचा_वाटसरू
सर्वांचे आभार. फिटरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे प्लग काढून तेल सोडले. पहिल्या दिवशी पाना हलला नाही, परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी एक बारीक ‘कट’ असा आवाज होऊन पुली फिरू लागली, आणि शेजारी उभे असलेले मामा काही न बोलता घरात निघून गेले. कॉम्प्रेशन मात्र दोन सिलिंडरांत फारच कमी आहे आणि रेडिएटरच्या तोंडाशी तेलकट चिखल दिसतो. सांगाडा डाव्या मागच्या बाजूला दोन ठिकाणी कुजला आहे.

कोल्हापुरी_फिटर
म्हणजे हेड गॅस्केट, हेडखालची सीलची पट्टी, गेले आहे. इंजिन फिरते आहे, तर मूळचेच बांधून घ्या. हेड लेथवर घासून, व्हॉल्व्ह बसवून, रिंगा आणि बेअरिंगे टाकून साठ-सत्तर हजारांत काम व्हावे. रिंगा मिळाल्या नाहीत तर मापाच्या शोधून बसवणारे कारागीर आमच्याकडे आहेत. उरलेल्या पैशांत सांगाडा आणि ब्रेक करा. टाकी धुवून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, कारण आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबर टिकत नाही.

गोदाकाठ
इंजिन फिरत असेल तर मीही लोगानचा आग्रह सोडतो. मूळचेच बांधावे.

पासिंगवाला
सहमत. कागदांच्या दृष्टीने तर तेच सर्वांत सोपे आहे.

कुडाळचा_वाटसरू
आपल्या सर्वांचे एकमत झालेले पाहून संकोच वाटतो, कारण मी वेगळेच ठरवले आहे. शेजारच्या काकांची फियाट पॅलिओ १.२ पंचवीस हजारांत मिळते आहे. ती चालू आहे, आरसी बुक आहे, दोन्ही किल्ल्या आहेत, आणि तिचे १२४२ सीसीचे, फियाटच्या ‘फायर’ मालिकेतले इंजिन गेली सोळा वर्षे मी रोज सकाळी सहा वाजता दुधाच्या वेळेला चालू होताना ऐकतो आहे. मूळ इंजिन बांधण्याला माझा विरोध नाही. पण पुन्हा रेनॉचा एखादा भाग शोधण्यात सहा महिने गेले, तर ही गाडी परत मांगरात जाईल, हे मला मामांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून ठेवणार आहे. सांगाड्याचे वेल्डिंग आधी होईल आणि नाव बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात जाईल. आरटीओत तोंडी विचारले, त्यांनी परवानगीचा अर्ज आणि दोन्ही गाड्यांची कागदपत्रे घेऊन बोलावले आहे.

व्हीटेकप्रेमी
इतका खटाटोप करून फक्त पॅलिओ?

कोल्हापुरी_फिटर
मी केले नसते, पण इंजिन रोज ऐकलेले आहे, हा मुद्दा मला मान्य आहे. बॉनेट बंद होते का आणि ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) जमिनीपासून किती उंच राहते, हे इंजिन विकत घेण्यापूर्वी मोजले का?

कुडाळचा_वाटसरू
पुठ्ठ्याचा साचा कापून आत ठेवून पाहिला. बॉनेटखाली बोटभर जागा उरते. चेंबरचे माप उद्या घेतो आणि मगच काकांना पैसे देतो.