झिप उघडली, पण थकबाकी गेली कुठे?

*सोसायटी सभासद, फोंडा*
शुक्रवार

*प्रशांत, सचिव (बी-३०२):* नमस्कार मंडळी. वार्षिक सभा परवा रविवारी सकाळी १० वाजता, खाली पार्किंगमध्ये. पाऊस लागला तर ए विंगच्या जिन्याखाली. सगळे कागद एकाच झिपमध्ये घातलेत: ऑडिट रिपोर्ट, थकबाकीची एक्सेल, ऑक्युपन्सी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि गच्चीच्या गळतीचे फोटो. वाचून या. मागच्या वेळी "आमका कागदच मेळूंक नात" ऐकून माझे कान किटले होते.

*प्रशांत, सचिव:* 📎 सभेचे_कागद.झिप, ३८ एमबी

*शैला मामी (ए-१०१):* उघडत नाही रे प्रशांत.

*शैला मामी:* नुसतं चेन लावलेल्या पाकिटाचं चित्र येतं.

*नीता वहिनी (सी-१०३):* माझ्याकडे पण. हा व्हायरस तर नाही ना?

*ओंकार (सी-२०१):* मामी, अँड्रॉइड आहे ना तुमचा? गूगलचं "फाइल्स" अ‍ॅप उघडा, डाउनलोडमध्ये जा, झिपवर टॅप करा आणि "एक्स्ट्रॅक्ट" दाबा. आयफोनवाल्यांनी "फाइल्स"मध्ये सेव्ह करून नुसता एक टॅप द्या, शेजारी त्याच नावाचा फोल्डर तयार होतो.

*शैला मामी:* झाला. गच्ची बघितली. अरे देवा!

*वसंत काका, खजिनदार (ए-२०४):* प्रशांत, माझं काम गेलं.

*प्रशांत, सचिव:* कसलं काम काका?

*वसंत काका, खजिनदार:* थकबाकीची यादी. काल रात्री साडेनऊला बसलो ते साडेअकरापर्यंत. तू मला काल आधीच पाठवलेल्या झिपमधली एक्सेल उघडली, २४ फ्लॅटांचे आकडे भरले, सेव्ह केलं. आज सकाळी झिप उघडतो तर यादी कोरी. बायको म्हणते वहीत लिहायचं सोडून कशाला त्या डब्यात बसलात.

*ओंकार:* काका, झिपच्या आतच डबल क्लिक केलं होतंत का? आधी एक्स्ट्रॅक्ट न करता?

*वसंत काका, खजिनदार:* एक्स्ट्रॅक्ट कशाला? फाइल समोर दिसत होती की.

*मेधा टीचर (बी-१०१):* वसंतराव, कॉम्प्युटर बंद केलात का मधे?

*वसंत काका, खजिनदार:* नाही टीचर. लॅपटॉप नुसता मिटून ठेवला होता.

*मेधा टीचर:* मग तसाच राहू दे. काही क्लीन करायला जाऊ नका, मुलाने शिकवलेलं ते "टेम्प साफ करा" तर मुळीच नको. आता सांगते काय झालं ते. सगळ्यांनीच वाचा, लॅबमध्ये २० वर्षं हेच रडगाणं ऐकलंय मी.

झिप म्हणजे लोणच्याची काचेची बरणी. आत फोडी दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं हातात आल्या. आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज त्यातली एक फोड वाटीत काढून देतो. ही वाटी असते टेम्प नावाच्या फोल्डरात, आपल्या डोळ्याआड. तुम्ही रात्री दोन तास त्या वाटीत मीठ घालत बसलात, बरणीतल्या लोणच्याची चव कशी बदलेल? म्हणून बरणी आधी मोठ्या ताटात पूर्ण ओतायची. राइट क्लिक, "एक्स्ट्रॅक्ट ऑल", आणि मग त्या नव्या फोल्डरातली फाइल उघडून काम करायचं.

आता आठवून सांगा, सेव्ह करताना "रीड ओन्ली" असं काही म्हणाला होता का?

*वसंत काका, खजिनदार:* म्हणाला होता बहुतेक. मी ओके दाबला. मग नाव विचारलं, तर मी पुढे "नवीन" जोडलं.

*मेधा टीचर:* देव पावला. मग वाटी अजून धुतली गेली नसेल. एक्सेल उघडा. वर "फाइल", मग "ओपन", मग "रीसेंट". त्या यादीत "नवीन" दिसते का बघा. नावाखाली बारीक अक्षरात पत्ता असेल, त्यात "टेम्प१" असं काहीतरी दिसेल.

*वसंत काका, खजिनदार:* थांबा चष्मा आणतो.

*प्रशांत, सचिव:* तोवर एक विचारू? मला वाटलं झिप केली की साइझ निम्मी होईल. सगळे कागद मिळून ३९ एमबी होते, झिप झाली ३८. माझंच काही चुकलं का?

*ओंकार:* नाही दादा. त्यातले ४६ तर फोटो आहेत. जेपीजी आधीच दाबलेलं असतं. पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला तर पाणी कुठून येणार? एक्सेल आणि वर्डचंही तसंच, ती फाइल स्वतःच आतून झिप असते. खोटं वाटत असेल तर एक कॉपी काढून तिच्या नावाचा शेवट एक्सएलएसएक्सऐवजी झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. झिप खरी कामी येते ती साध्या मजकुराच्या फाइलना, आणि पन्नास सुट्या फाइल एका गठ्ठ्यात पाठवायला.

*ओंकार:* आणखी एक गंमत. कुठलीही झिप नोटपॅडमध्ये उघडा, कचरा अक्षरं दिसतील, पण पहिली दोन "पी" आणि "के". १९८९ मध्ये फिल कॅट्झने हा प्रकार काढला, त्याची आद्याक्षरं ती.

*नीता वहिनी:* तुझं पीके राहू दे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने मेलवर कोटेशन पाठवलंय, शेवटी "रार" आहे. आमच्या विंडोज १० वर क्लिक केलं की कशाने उघडू असंच विचारत बसतो.

*ओंकार:* वहिनी, रार म्हणजे झिपसारखाच, पण वेगळ्या प्रकारचा गठ्ठा. विंडोज ११ ला २०२३ च्या अपडेटनंतर रार आणि सेव्हन-झेड उघडता येतात, १० ला फक्त झिप. सेव्हन-झिप घाला, फुकट आहे, सगळं उघडतं. विनरार पण चालेल, त्याची ४० दिवसांची मुदत संपली तरी नुसती आठवण करत राहतो.

*मेधा टीचर:* पण गूगलवर जे पहिलं दिसेल ते दाबू नका. सेव्हन-झिप डॉट ओआरजी, सेव्हन आकड्यात, एवढंच. आणि विनरार जुनं पडलेलं असेल तर नवीन करून घ्या. त्यात २०२३ मध्ये एक भोक सापडलं होतं, नुसती आतली फाइल उघडली तरी दुसरंच काहीतरी चालू व्हायचं. ते आपोआप अपडेट होत नाही.

*नीता वहिनी:* बापरे. म्हणजे माझा व्हायरसचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता.

*मेधा टीचर:* मुळीच नव्हता. झिप स्वतः काही करत नाही, आत काय आहे ते बघायचं. माझ्या भाचीला मेलवर "वीज बिल थकले" म्हणून झिप आली होती. आत "बिल.पीडीएफ". तिने एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचा शेवट, दाखवायची सेटिंग चालू केली तर पुढे "ईएक्सई" लपलेलं, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. बिल कधी ईएक्सई नसतं गं.

*शैला मामी:* माझ्या लॅपटॉपवर आता फाइलांच्या नावाच्या जागी चौकोन आणि उलटसुलट अक्षरं येतात. मराठीत नाव होतं ना?

*ओंकार:* मामी, तो जुना लॅपटॉप ना? प्रशांतदादाने नावं देवनागरीत दिलीत. जुनी सॉफ्टवेअर ती नीट वाचत नाहीत. आतला मजकूर ठीक असतो, नुसतं नाव बिघडतं. सेव्हन-झिपने उघडून बघा.

*प्रशांत, सचिव:* पुढच्या वेळी नावं इंग्रजी अक्षरांत. आणि मोबाइल नंबर, बँक खाती असलेली यादी वेगळी ठेवलीय, तिला पासवर्ड लावलाय. पासवर्ड आहे

*मेधा टीचर:* प्रशांत!! इथे नको लिहू.

*प्रशांत, सचिव:* हो हो. समितीला फोनवर सांगतो.

*मेधा टीचर:* आणि झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलांची नावं बाहेरून दिसतात. तेव्हा "अमक्याची थकबाकी नोटीस" असं नाव नको.

*शैला मामी:* आधारची झिप पण अशीच कुलूपवाली. मुलगा पीडीएफचा पासवर्ड टाकत बसला, नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल. उघडेना.

*ओंकार:* तो ई-आधारच्या पीडीएफचा. ऑफलाइन केवायसीची झिप वेगळी, डाउनलोड करताना तुम्ही स्वतः टाकलेला शेअर कोड लागतो.

*शैला मामी:* मग तो कोण लक्षात ठेवतो रे.

*वसंत काका, खजिनदार:* टीचर. सापडली!!! "थकबाकी नवीन". सगळे आकडे आहेत. लगेच लाईट गेली पण बॅटरी आहे.

*मेधा टीचर:* आधी "सेव्ह अ‍ॅज", डॉक्युमेंट्समध्ये. मग बाकीचं.

*वसंत काका, खजिनदार:* केलं. देव बरें करूं टीचर. रविवारी तुमच्यासाठी बिबिंका आणतो.

*वसंत काका, खजिनदार:* 📷 फोटो

*ओंकार:* काका, हा मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो आहे. फाइल पाठवायची.

*वसंत काका, खजिनदार:* 📎 थकबाकी नवीन.एक्सएलएसएक्स

*प्रशांत, सचिव:* बरोबर उघडली. हीच सभेत मांडू.

*मेधा टीचर:* वसंतराव, बी-१०१ पुढे ₹१,५०० थकबाकी? मी जुलैत रोख दिलेत, तुमच्या सौ. समोर होत्या.

*वसंत काका, खजिनदार:* दिलेत टीचर. वहीत आहेत. एक्सेलमध्ये चढवायचे राहिले.