बातमीनं म्हातारा ठरवलेला कॉम्प्युटर: तुम्ही काय केलंत?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला नेहमीचे अपडेट मिळणं थांबलं. जुलै २०१५मध्ये आलेली प्रणाली, दहा वर्षांत पार अंगवळणी पडलेली. मथळे मात्र असे, की त्या रात्री बारा वाजता घरोघरचे कॉम्प्युटर विझणारच. माझ्या मोठ्या बहिणीनं घाबरून फोन केला, "सगळे फोटो आत्ताच काढून घेऊ का गं?" म्हटलं, घे, ते केव्हाही चांगलंच. पण उद्या सकाळी बटण दाबलंस तर तो सुरू होईल.

थांबले ते सुरक्षेचे अपडेट. वाढीव अपडेटची वेगळी सोय घेतली नाही, तर यापुढे नवी चोरवाट सापडल्यावर ती बुजवायला कोणी येणार नाही, आणि ही गोष्ट छोटी नाही. विंडोज ११ टाकायचं तर त्याला टीपीएम २.० लागतं, म्हणजे सांकेतिक किल्ल्या जपून ठेवणारी सोय, शिवाय प्रोसेसरही साधारण २०१८च्या आसपासचा किंवा नंतरचा. माझा लॅपटॉप २०१४चा. 'हा पीसी पात्र नाही' हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. माझा अख्खा प्रबंध याच कीबोर्डवर झालाय. 'न'ची कळ बोटांनी गुळगुळीत झालीये.

मग एका रविवारी तो उघडला. मागे अकरा स्क्रू, त्यातले दोन बाकीच्यांपेक्षा आखूड. कुठला कुठे बसतो ते विसरायला नको म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढला आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीनं लावून ठेवला. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारणारी. प्रत्येक फाइलसाठी तबकडी फिरून नेमकी जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं, आणि सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. तिथे एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवली, रॅम ४ची ८ जीबी केली, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. आधी चार मिनिटं लागायची, आता अर्ध्या मिनिटात पडदा समोर. प्रोसेसर तोच, पंखा तोच. इतकी वर्षं मी ज्याला 'म्हातारा झाला' म्हणत होते, त्याची एकच गोष्ट अडत होती.

तुमच्याकडे काय झालं? वाचवलात, बदललात की अजून ठरत नाहीये? खाली प्रतिसादांत सविस्तर लिहा, न जमलेलंही लिहा.

*

आमच्याकडे आईचा कॉम्प्युटर होता. तिचं वय ७१. तिला लागतं काय, तर ईमेल, फोटो, भजनांचे व्हिडिओ आणि पत्त्यांचा एक खेळ. लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कवरच्या कशालाही हात न लावता. ते आठवडाभर तसंच दिलं. तिची तक्रार एकच, "माझा खेळ कुठे गेला?" मिळताजुळता खेळ शोधून दिला, चिन्ह त्याच कोपऱ्यात ठेवलं, मागचं चित्रही तेच लावलं. मगच पक्कं बसवलं.

यातून मला एक कळलं. आपण प्रणाली बदलतो, पण वापरणाऱ्याच्या लक्षात असते ती जागा. 'वरून तिसरं, निळं'. त्या जागा सांभाळल्या की बाकीचं माणूस शिकतं. प्रिंटर न सांगता चालू झाला. स्कॅनरनं दोन संध्याकाळी घेतल्या, आणि त्याचा खिडकी उघडून स्कॅन करायचा जुना प्रोग्राम गेला तो गेलाच.

*

माझं मत थोडं वेगळं आहे. धागाकर्तीचा, म्हणजे ही चर्चा सुरू करणारीचा, अनुभव छान आहे, पण सगळ्यांना स्क्रू काढायला सांगू नका. माझ्याकडे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते फक्त विंडोजवर चालतं आणि त्यावर दुसऱ्यांच्या पैशांच्या नोंदी आहेत. तिथे मी 'चालतंय ना' म्हणून धोका पत्करू शकत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, आणि तेवढ्या वेळात नवीन मशीनवर सावकाश सगळं हलवलं. जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून स्कॅनिंगला ठेवलंय. हेही वाचवणंच आहे असं मी मानतो.

*

एक छोटा पण उपयोगी अनुभव. दोन वर्षं कपाटात पडलेला कॉम्प्युटर सुरू केला तर एकही वेबसाइट उघडेना. सगळीकडे 'हे कनेक्शन सुरक्षित नाही'. व्हायरस समजून फॉरमॅट मारायला निघालो होतो. मुलीनं कोपऱ्यातली तारीख दाखवली: १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, नाण्यासारखा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की घड्याळ मागे पडतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं असतं, आणि २००९मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. सेल बदलला, तारीख लावली, संपलं.

*

लॅपटॉपवाल्यांसाठी हे लिहितेच, कारण माझ्या बाबतीत थोडक्यात निभावलं. टचपॅड क्लिक होईना. जोरात दाबून वापरत राहिले, तीन आठवडे. मग टेबलावर ठेवला की एक कोपरा डुगडुगायला लागला. उलटा करून पाहिला तर खालचं झाकण फुगलेलं. बॅटरी फुगून वर टचपॅडला टेकली होती आणि मी वरून रोज तिलाच दाबत होते!

लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत वायू धरू शकतो. अशा वेळी चार्जर काढा, बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. टोचू नका, दाबून बसवू नका, कचऱ्यात टाकू नका. माझी एका जाणकारानं काढून ई-कचऱ्यात पाठवली. आता तो लॅपटॉप बॅटरीशिवाय, थेट चार्जरवर चालतो. एवढं वाचून आज प्रत्येकानं आपला लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा, प्लीज.

*

माझा न जमलेला. डिस्क टक-टक करत होती आणि मी पुन्हा पुन्हा चालू करून बघत होतो, आत्ता दिसेल, आत्ता दिसेल म्हणून. तसं करायचं नसतं हे नंतर कळलं. आतलं डोकं जागेवर जायला धडपडतं तो तो आवाज, आणि प्रत्येक प्रयत्नात आणखी बिघडू शकतं. मित्रानं डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं डिस्कची प्रत काढायला घेतली. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेले तुकडे नंतरसाठी नोंदवून ठेवतं आणि मग पुन्हा त्यांच्याकडे वळतं. दोन दिवस चाललं. मुलाच्या पहिल्या वर्षातले साधारण निम्मे फोटो परत आले. बाकीचे नाहीत. लॅपटॉप आज ठणठणीत आहे, पण बायकोनं अजून तो उघडलेला नाही.

*

माझा अनुभव लांबेल.

बाबांनी १९९८ ते २००६ या काळात डोंगरवाटांवर लिहून ठेवलं. ३१२ फाइली, सगळ्या विंडोज ९८च्या मशीनवर. ते गेल्यावर फाइली नव्या कॉम्प्युटरवर आणल्या, उघडल्या, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. एक शब्द लागेना.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला तिच्यात १९९१पासून जागा आहे, पण घरगुती कॉम्प्युटरवर ती नीट वापरात यायला बरीच वर्षं गेली. तोवर फाँट बनवणारे इंग्रजी अक्षरांच्या खणांतच मराठी आकार बसवायचे, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. म्हणजे फाइलीत मराठी नव्हतीच. मराठी होती त्या एका फाँटात, आणि तो फक्त त्या जुन्या डब्यात. तो भंगारात द्यायचं ठरलं होतं! आतून फाँटची फाइल काढली आणि नव्यावर टाकली, तेव्हा पहिलं पान उघडलं. मी आणि भाऊ काही बोललोच नाही बराच वेळ.

मग युनिकोडमध्ये आणायचं काम. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. हा बदल करणारा प्रोग्राम, म्हणजे परिवर्तक, बहुतेक सांभाळतो, जोडाक्षराशी गाठ पडली की चुकतो. 'स्थिती'ची वेलांटी कुठेही जाऊन बसते. सध्या रोज रात्री चार-पाच फाइली तपासतो. अजून ऐंशी आहेत.

*

(धागाकर्ती) बॅटरीचं वाचून लगेच टेबलावर ठेवून पाहिला, सपाट आहे. हिशेबवाल्या दादांचं म्हणणं पटलं. 'वाचवला' म्हणजे काय हे मी फार अरुंद धरलं होतं. रॅमबद्दलही सांगते: वाढवायची असेल तर हवा तो प्रकार जुन्या मशीनमधून काढलेला मिळतो का ते आधी बघा. सध्या मेमरी बनवणाऱ्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरांकडे आहे. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रूशियल' नावानं ग्राहकांना होणारी विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. तुमची रॅम डीडीआर३ प्रकारची की डीडीआर४ ते मात्र बघून घ्या, खाच वेगळी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

बाबांच्या फाइलींचं पुढे काय झालं ते नक्की कळवा.

*

कळवतो. काल ३१२वी झाली.

सगळ्यात जास्त वेळ एका अक्षरानं खाल्ला. बाबा डोंगरांबद्दल लिहायचे, त्यामुळे पानापानावर 'दऱ्या'. परिवर्तकानं त्या सगळ्यांचा 'दर्या' केला होता. 'दोन्ही बाजूंना खोल दर्या' असं वाचून आधी वाटलं, बाबा समुद्राबद्दल कधी लिहायला लागले? सरसकट बदलताही येईना, कारण दोन ठिकाणी त्यांनी खरोखरच दर्या लिहिला होता, वरून दिसलेला. प्रत्येक वाक्य वाचावंच लागलं. नाहीतर मी ते इतकं सावकाश कधी वाचलं असतं कोण जाणे.

तीन ठिकाणी प्रती ठेवल्यात, एक भावाकडे. जुना डबा अजून दिला नाही. त्यातल्या फाँटात एक पान छापून घ्यायचंय, बाबांना पडद्यावर दिसायचं अगदी तसं.